जुनं ग्राफिक्स कार्ड पारखून घेताना : जुलै ते तुळशीचं लग्न

सांगलीत विश्रामबागला घरीच माझं एडिटिंगचं काम चालतं. लग्नं, साखरपुडे, बारशी, अधूनमधून एखाद्या शाळेचं स्नेहसंमेलन. दोन मशीन आहेत. एक माझं, दुसरं माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलाचं. २०२५ च्या पावसाळ्यात दोन्ही मशीनसाठी वापरलेली ग्राफिक्स कार्डं शोधली, तपासली, घेतली आणि त्यातलं एक वॉरंटीत बदलून आणलं. शोध सुरू केला तेव्हा जी माहिती मिळाली ती बहुतेक गेमिंगची होती. कुठल्या कार्डावर कुठला गेम किती फ्रेमनं पळतो ते सगळीकडे सापडतं. पण पाच-सहा वर्षं राबलेलं कार्ड कुणी समोर ठेवलं, तर ते घ्यायचं की नाही हे ठरवायचं कसं, ते मला नीट कुठे मिळालं नाही. म्हणून तारखा आणि पैशांसकट इथे लिहितेय.

१२ जुलै २०२५, शनिवार. एका लग्नाची फिल्म एक्सपोर्टला लावली होती. निम्म्यावर आली आणि स्क्रीनभर हिरवे-गुलाबी चौकोनी ठिपके उमटले, मग स्क्रीन काळी पडली आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद पडल्याचा निरोप आला. कार्ड जीटीएक्स ९६०, दोन जीबीचं, २०१६ साली नवं घेतलेलं. पोटात गोळा आला, कारण फिल्म सोमवारी द्यायची होती. पहिलं काम केलं ते म्हणजे कार्ड काढून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावली. आय-५ ८४०० मध्ये आतलंच ग्राफिक्स असतं, त्यावर मशीन व्यवस्थित चाललं. म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम सगळं ठीक, दोष कार्डात. अशा वेळी हे आधी करून बघाच, पैसे लागत नाहीत आणि निम्मी शंका फिटते. नंतर कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, स्लॉटमधली धूळ उडवली, पुन्हा लावलं. दहा मिनिटांत परत ठिपके.

मंगळवारी मिरजेला एका काकांकडे गेले. स्टेशनजवळ त्यांचं छोटं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यांनी कार्ड भिंगाखाली धरलं, मेमरीच्या चिपांकडे बोट दाखवलं. "ताई, चिप तापवून देतो की, चालू हुईल. पण किती दिस चालंल ते मी सांगणार नाही." तापवल्यावर सुटलेला जोड तात्पुरता बसतो आणि मशीन रोज तापलं-निवलं की पुन्हा सुटतो, हे त्यांनी स्वतःच समजावून सांगितलं. अठराशे रुपये, गॅरंटी नाही. मी नको म्हटलं, तर त्यांनी तपासणीचेही पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, "जुनं घेणार असाल तर मॉडेल मागनं बघा. आधी नग बघा." पुढे जे काही शिकले ते या एका वाक्यात होतं.

सोमवारची फिल्म मदरबोर्डच्या ग्राफिक्सवरच रात्रभर एक्सपोर्टला लावून दिली. हळू झाली, पण झाली.

दोन्ही मशीनला मिळून वीस हजार बाजूला काढता येणार होते. नवं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं, तेव्हा सोळा-सतरा हजारांच्या घरात सांगत होते. कार्ड चांगलं. सत्तर वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. पण सगळे पैसे एकाच मशीनला गेले असते आणि मुलाचं मशीन तसंच अडलं असतं. त्याच्या मशीनला कार्डच नव्हतं, आणि फोर-केच्या कामाला तो हातच लावू शकत नव्हता. म्हणून दोन जुनी घ्यायची ठरवलं.

कार्ड शोधायच्या आधी एक संध्याकाळ मी फक्त माझं काम कार्डाचं काय काय वापरतं ते बघण्यात घालवली. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) उघडला की थ्री-डी, व्हिडिओ एन्कोड (व्हिडिओ आवळून फाइल बनवणं), व्हिडिओ डिकोड (आवळलेली फाइल उलगडणं) असे वेगवेगळे आलेख दिसतात. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग सुधारताना थ्री-डी किंवा कॉम्प्युटचा आलेख चढतो, एक्सपोर्टला एन्कोडचा, टाइमलाइन नुसती पळवताना डिकोडचा. म्हणजे एका कार्डात खरं तर तीन वेगळी यंत्रं काम करतात. गेमिंगचे आकडे त्यातल्या एकाबद्दलच बोलतात. चौथी गोष्ट मेमरी. दोन जीबीवर फोर-के टाइमलाइनला रिझॉल्व्ह "जीपीयू मेमरी फुल" म्हणून थांबायचं. चार जीबीवर साधं काम निभतं, सहावर श्वास घेता येतो. आणि मी लग्नाची टायटलं ब्लेंडर या थ्री-डीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, म्हणून तेही यादीत.

ही यादी हातात असताना ३१ जुलैला जीटीएक्स-आरटीएक्सवाल्या एनव्हीडिया कंपनीची घोषणा आली. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांना ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे ड्रायव्हर मिळणार नाहीत, त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. याचा अर्थ माझं ९६०, सगळ्यांचं आवडतं १०५० टीआय, १०६०, १०७०, हे सगळे एका रेषेच्या अलीकडे राहिले. जीटीएक्स १६५० आणि १६६० ट्युरिंग पिढीतली, म्हणून रेषेच्या पलीकडे. ही बातमी बाहेर पडल्यावर आठवड्याभरात आपल्याकडे १०६० चे भाव जरा खाली आले. विकणाऱ्यांनाही कळलं होतं.

आता कार्डांबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ चं, चार जीबी, ७५ वॉट, बहुतेक नगांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. खूप टिकाऊ म्हणून नाव आहे आणि त्याचं कारण सरळ आहे : कमी वॉट म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे सोल्डरवर, पंख्यावर, कपॅसिटरवर कमी ताण. १०६० जुलै २०१६ चं, १२० वॉट. पण घेताना नीट विचारा, कारण सहा जीबीवाल्यात १२८० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि तीन जीबीवाल्यात ११५२. नाव एक, कार्डं दोन. जीटीएक्स ९७० च्या चार जीबीतला शेवटचा अर्धा जीबी संथ आहे, फोर-केच्या कामात तो जाणवतो, म्हणून ते मी बघितलंच नाही. एएमडीचं आरएक्स ५८० एप्रिल २०१७ चं, आठ जीबी, १८५ वॉट, भाव सगळ्यात स्वस्त. जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९, चार जीबी, ७५ वॉट. जीटीएक्स १६६० सुपर ऑक्टोबर २०१९, सहा जीबी जीडीडीआर-६, १२५ वॉट. १६५० आणि १६६० सुपर एका पिढीची असली तरी साध्या १६५० मधलं एन्कोडचं यंत्र आधीच्या व्होल्टा पिढीचं आहे, १६६० चं नव्या पिढीचं. ही बाब विकणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हती.

रविवार, १० ऑगस्टला कोल्हापूर. एका मुलाकडे आरएक्स ५८० चे बरेच नग होते, पाच हजाराला एक. सगळी मायनिंगची, म्हणजे इथेरियमसारखं आभासी चलन काढायला राबवलेली, हे त्यानं आपणहून सांगितलं, याचं मला बरं वाटलं. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच, असं मी आता म्हणत नाही. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला नव्या पद्धतीवर गेलं आणि ग्राफिक्स कार्डांनी ते काढणं एका दिवसात संपलं. चार जीबीची कार्डं तर त्याआधीच, २०२० च्या शेवटी, त्या कामातून बाद झाली होती, कारण लागणारी फाइल चार जीबीत मावेना. म्हणून आठ जीबीच्या कार्डानं तुलनेनं जास्त काळ मायनिंग केलेलं असण्याची शक्यता असते. मायनिंगमध्ये चिपचा व्होल्टेज बहुधा कमी ठेवतात, त्यामुळे चिप बरी राहते. राबते ती मेमरी, आणि पंखे अखंड फिरतात. शिवाय ५८० चं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून मेमरीचा वेग चढवायची पद्धत होती. तसं बायोस राहिलं असेल तर मायनिंगला चालणारं कार्ड एडिटिंगला मध्येच गोठतं.

मी माझं मशीनच पिशवीत घालून नेलं होतं, कारण दुसऱ्याच्या मशीनवरची तपासणी मला पुरत नाही. त्याच्या घरी दुपारभर बसले. आईनं चहा-पोहे दिले. एक नग सगळ्या तपासण्यांत उत्तम निघाला, माझं टेस्ट प्रोजेक्ट झपाट्यानं झालं. तरी घेतलं नाही, दोन कारणांनी. ब्लेंडर ३.० पासून ओपनसीएल (ही कार्डं ज्यातून वापरली जायची ती सोय) काढून टाकलंय, त्यामुळे ५८० सारख्या पोलारिस पिढीच्या कार्डावर ब्लेंडरच्या सायकल्सचं रेंडरिंग होतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. आणि माझ्या जुन्या पॉवर सप्लायवर १८५ वॉटचं कार्ड लावायची माझी तयारी नव्हती. ज्यांना ब्लेंडर लागत नाही आणि सप्लाय चांगला आहे त्यांना त्या पैशांत आठ जीबी दुसरीकडे मिळणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. फक्त "२०४८ एसपी" लिहिलेलं ५८० दिसलं तर ते ५८० नाही. आतून ते ५७० आहे, भाव तसाच करा.

तपासणी कशी करते ते इथेच सांगते. आधी नुसते डोळे. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का, सीरियल नंबरचं स्टिकर आहे का आणि ते खोक्यावरच्या नंबराशी जुळतं का, पंखा बोटानं हलवला तर डगमगतो का, थर्मल पॅडमधून तेल पाझरून बोर्डावर आलंय का. मग मशीनला लावून जीपीयू-झेड, हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम. चिपचं नाव, कोअरची संख्या, मेमरी, सगळं खऱ्या कार्डाच्या माहितीशी ताडून बघायचं. त्यातच बस इंटरफेस, म्हणजे कार्ड मदरबोर्डशी किती लेननं (वाटांनी) जोडलंय ते, दिसतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी रेंडर टेस्ट लावली की कार्ड पूर्ण वेगावर येतं. १६ लेनचं कार्ड तिथे ८ किंवा ४ दाखवायला लागलं तर दात मळलेत, किंवा स्लॉट तरी. नंतर फरमार्क, हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम, वीस मिनिटं. तापमान चढत चढत कुठे स्थिरावतं ते बघायचं. नुसता सगळ्यात मोठा आकडा पाहून उपयोग नाही. ऐंशीच्या आत स्थिर झालं तर मी समाधानी. पंखा शंभर टक्क्यांवर नेऊन कान द्यायचा. मग मेमरीची तपासणी, त्यासाठी ओसीसीटी किंवा मेमटेस्ट व्हल्कन. एकसुद्धा चूक दाखवली तर कार्ड परत, भाव कितीही कमी असो. सगळी पोर्टं एकेक करून मॉनिटरला लावायची. शेवटी आपलं खरं काम. मी दहा मिनिटांची एक फोर-के टाइमलाइन तयार ठेवली होती, रंग सुधारणा, थोडं स्टॅबिलायझेशन आणि टायटलसकट. तीच प्रत्येक कार्डावर. आणि सगळं झाल्यावर विंडोजच्या नोंदींचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डिस्प्ले ड्रायव्हरची तक्रार नोंदली गेलीय का ते बघायचं. कधी कधी स्क्रीनवर काही दिसत नाही, पण तिथे लिहिलेलं असतं.

माझ्या आय-५ वर त्या टाइमलाइनचे आकडे असे आले : १०५० टीआयला सतरा मिनिटं, १६५० ला तेरा, १०६० सहा जीबीला अकरा, ५८० ला साडेदहा, १६६० सुपरला साडेसात. तुमच्या मशीनवर वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच राहील.

ऑगस्टच्या मध्यात एका जाहिरातीवरून ३२०० रुपयांत १०५० टीआय सांगितलं. भाव ऐकूनच शंका आली. फोटो मागवला, तर मागच्या बाजूला निळं व्हीजीए पोर्ट. पास्कल पिढीच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल काढून टाकलेला आहे, त्यामुळे १०५० टीआयला व्हीजीए दिसलं की थांबायचं. तरी स्टेशन रोडला भेटून जीपीयू-झेड लावलं. नावाच्या आधी चौकोनी कंसात "फेक" असं आलं. आत २०११ सालची फर्मी पिढीची चिप होती आणि बायोस बदलून नाव चढवलेलं. ज्याच्याकडे होतं तो बारावीतला पोरगा, त्यालाही कुणीतरी असंच गळ्यात मारलेलं. तो रडवेला झाला. मलाही वाईट वाटलं. त्याला जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट काढून दिला, म्हणजे ज्यानं विकलं त्याच्याकडे दाद मागता येईल.

त्यानंतर पाणी वाढलं. आयर्विन पुलाजवळच्या, कृष्णेची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना कार्डं बघायला कोण जाणार. पण त्याच दिवसांत पुराबद्दलची एक गोष्ट कामाची कळली. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका ओळखीच्या घरी १०६० बघायला गेले. वरून स्वच्छ, चकचकीत. बॅकप्लेट काढायला परवानगी दिली त्यांनी. खाली स्क्रूंच्या भोवती आणि पॉवरच्या जोडाजवळ हिरवट-पांढरी भुकटी, आणि पंख्याच्या मागच्या खाचेत वाळलेला बारीक गाळ. २०१९ च्या पुरात, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा, मशीन तळमजल्यावर होतं. धुऊन वाळवल्यावर चालू झालं आणि तेव्हापासून चालूच आहे, असं ते म्हणाले, आणि ते खरंही असेल. माझ्यासमोर फरमार्क झालं, मेमरीही पास झाली. पण तांबं गंजायला लागलं की आत किती गेलंय ते बाहेरून कळत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर, शिरोळकडचं जुनं इलेक्ट्रॉनिक सामान घेताना हे विचाराच : २०१९ आणि २०२१ मध्ये हे कुठल्या मजल्यावर होतं? लोक खरं सांगतात. आपण विचारत नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले. अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळांच्या शूटिंगमध्ये बुडालेले, कार्डांकडे बघितलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबरला १६६० सुपर मिळालं. शंभर फुटी रोडला राहणारा, इंजिनिअरिंग संपवून पुण्याला नोकरीला निघालेला मुलगा. साडेआठ हजार. मुख्य म्हणजे मूळ बिल होतं, डिसेंबर २०२२ चं, तीन वर्षांची वॉरंटी, म्हणजे अजून तीन महिने शिल्लक. स्क्रूवरचं सील न फाटलेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, तापमान ७१ वर स्थिर. पैसे यूपीआयनं दिले आणि एका कागदावर पावती लिहून घेतली : कार्डाचं नाव, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, "मूळ बिलासह विकले", त्याची सही. हा कागद पुढे कामाला आला.

१८ तारखेला एक पंखा टिकटिक करायला लागला. चालताना थांबे, पुन्हा फिरे. बेअरिंग गेलं होतं. सील काढून पंखा बदलला असता तर सहा-सातशेत काम झालं असतं, पण वॉरंटी गेली असती. म्हणून १९ तारखेला कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवली. त्यात सीरियल नंबर, बिलाची पीडीएफ, स्टिकरचा फोटो आणि बिघाडाचा व्हिडिओ मागतात. व्हिडिओत पंख्याचा आवाज आणि जीपीयू-झेडमधला आरपीएमचा आकडा एकाच चौकटीत येईल असा काढा. सोमवारी उत्तर आलं : बिल तुमच्या नावाचं नाही, मूळ ग्राहकाचं संमतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या. मनात चर्र झालं. त्या मुलाला फोन केला तर त्यानं पुण्याहून तासाभरात सही करून दोन्ही पाठवलं, ओळखपत्रावर "फक्त वॉरंटीच्या कामासाठी" असं आडवं लिहून. तुम्हीही प्रत देताना असंच लिहा. मी घेतलेली पावतीही सोबत जोडली. दुसऱ्या दिवशी परतीचा नंबर मिळाला.

२४ सप्टेंबरला कुरिअर. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पंख्याला धक्का बसू नये म्हणून दोन्ही बाजूंनी फोम, मग मूळ खोकं, मग बाहेरचं खोकं, त्यावर परतीचा नंबर ठळक. पॅक करतानाचा अखंड व्हिडिओ, सीरियल नंबर दिसेल असा. खर्च ३८० रुपये. मग वाट बघणं. पोच मिळाली, तपासणी सुरू, मध्ये दसरा, मग "सुटा भाग उपलब्ध नाही", मग काही दिवस शांतता. रोज स्टेटस उघडून बघायचे. एकदा फोन केला, तर बोलणारी ताई नीट बोलली आणि बदली कार्ड निघाल्याचं तिनंच सांगितलं.

या मधल्या काळात दुसरं कार्ड मिळालं. २८ सप्टेंबर, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसची जुनी मशीनं काढायला घेतलेल्या दुकानदाराकडून जीटीएक्स १६५०, ५८०० रुपये, जीएसटी बिलासह. ऑफिसात ड्रॉइंग बघायला वापरलेलं, दिवसा चालणारं, रात्री बंद, एसी खोलीत. असा इतिहास असलेलं कार्ड मिळालं तर दोन-चारशे जास्त द्या. धूळ साफ केली, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली (पेस्टची ट्यूब ४५० ला, कितीतरी कार्डांना पुरेल), तापमान ७६ वरून ६८ वर आलं. १६६० परत येईपर्यंत मी त्याच्यावरच काम केलं, त्यामुळे दोन्हींतला फरक बोटांना कळला. चार जीबीत फोर-के होतं, पण एका क्लिपवर इफेक्ट वाढवत गेलं की "मेमरी फुल" येतं. तेव्हा टाइमलाइन एचडीवर ठेवून काम करायचं आणि फक्त एक्सपोर्ट फोर-केला. लोकांना पेनड्राइव्हवर टीव्हीत लावायला एच-२६४ प्रकारचाच व्हिडिओ लागतो, त्यात त्याचं एन्कोडचं यंत्र कुठे कमी पडलं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कार्डानं सोडवली नाही. भाड्यानं घेतलेल्या नव्या कॅमेऱ्यातलं १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) फुटेज सगळ्यांवर अडखळलं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर डिकोडचा आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर. एनव्हीडियाच्या कार्डांत ४:२:२ हार्डवेअरनं उलगडायची सोय थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये ती अकराव्या पिढीपासून आहे, आमचे त्याआधीचे. म्हणजे केवळ या फुटेजसाठी जुनं कार्ड बदलत असाल तर थांबा. मी रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवायला लावते, सकाळी मशीन सुरळीत.

पॉवर सप्लायही याच काळात बदलला. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, ३७०० रुपये. माझा जुना सप्लाय लोकल होता आणि भार आला की १२ व्होल्टची रेषा खाली यायची, ते ओसीसीटीत दिसलं. ९६० ला त्यानंच मारलं का ते सिद्ध करता येणार नाही, पण नव्या कार्डाला त्याच्या हवाली करायचं नव्हतं.

१४ ऑक्टोबरला बदली कार्ड आलं. योगायोगानं त्याच दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपला, आमच्या दोन्ही मशीनवर विंडोज ११ आधीच होतं. खोकं उघडताना पुन्हा व्हिडिओ. सीरियल नंबर वेगळा, कार्ड दुरुस्त करून पाठवलेलं. वॉरंटी मूळ तारखेपर्यंतच, नवी मिळत नाही. बदली आलेलं म्हणजे चांगलंच असणार असं धरू नका, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करा आणि रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड मशीन चालू करूनही बघा, कारण सुटलेले जोड थंडच असताना उघडे पडतात. जुने ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रामनं पुसले, एनव्हीडियाचा एडिटिंगसारख्या कामांसाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर टाकला. टाइमलाइन साडेसात मिनिटांत. जीव भांड्यात पडला.

एकूण हिशेब : १६६० सुपर ८५००, १६५० ५८००, सप्लाय ३७००, पेस्ट ४५०, कुरिअर ३८०, जाण्यायेण्याचे साधारण ९००. म्हणजे १९,७३०. २ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न लागलं आणि मुहूर्त सुरू झाले तेव्हा दोन्ही मशीन कामाला तयार होती. आता मुलगा स्वतः फोर-के कापतो, आणि रात्री उशिरापर्यंत मला एकटीला बसावं लागत नाही.

९६० काकांकडे दिलं, सुट्या भागांसाठी. ज्यांना असं कुणी नाही त्यांनी भंगारात टाकू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांची यादी आहे, त्यातल्या जवळच्याकडे द्यावं.

आणि ज्यांचं १०५० टीआय किंवा १०६० आज ठणठणीत चालू आहे त्यांनी या घोषणेमुळे घाईनं विकू नये. ते चालू असलेल्या सॉफ्टवेअरवर चालतच राहील. रिझॉल्व्ह किंवा ब्लेंडरची नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी तिला किमान कुठला ड्रायव्हर लागतो तेवढं वाचा, चालणाऱ्या आवृत्तीचा आणि ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर जपून ठेवा, आणि प्रोजेक्टचा बॅकअप घेतल्याशिवाय काहीही अपडेट करू नका. पेस्ट चार-पाच वर्षं बदलली नसेल तर हिवाळ्यात बदलून घ्या. उन्हाळ्यात लग्नं दाट असतात तेव्हा मशीन उघडायला वेळ मिळत नाही.